ज्याचं त्याला पोचतं

वामनरावांनी पितळी परातीत जानरावाचे पाय घेतले, तांब्यातलं कोमट पाणी सोडलं आणि अंगठ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवून ते धुतले. जानराव खुर्चीत बसला होता. पाटावर बसून पाय पुढे करणं आता त्याला जमत नव्हतं. पोट मांड्यांवर येई आणि श्वास अडके. म्हणून वामनरावांनी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. एका खुर्चीचा भरवसा नव्हता.

"बाबा, दुसरा पाय," वामनराव म्हणाले.

वर्षभर ते त्याला 'अबे जान्या' म्हणत. वयानंही ते त्याच्याहून मोठे. पण आज त्यांच्या वडिलांची तिथ होती आणि जानराव त्यांच्या वडिलांच्या जागी जेवायला बसणार होता. पितृपक्षात गावाची हीच रीत. मेलेल्या बापाच्या नावानं एक पुरुष सांगायचा, आईच्या नावानं एक बाई. त्यांचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पोटभर जेवू घालायचं. त्या दिवसापुरतं त्या माणसाला पित्तर म्हणायचं. पित्तर तृप्त झाला की घरचा गेलेला माणूस तृप्त झाला. पित्तर अर्धपोटी उठला तर घराला वर्षभर काहीतरी लागून राहतं.

त्यामुळे चांगला जेवणारा पित्तर सगळ्यांना हवा असे. आणि चांदूर रेल्वेच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात जानरावासारखा जेवणारा दुसरा नव्हता. लोक त्याला पोळ्यालाच सांगून ठेवत.

वामनरावांनी निखाऱ्यावर तूप सोडलं, खिरीचा आणि वड्याचा घास त्यावर ठेवून आगारी टाकली. धूर झाला. पत्र्यावर कावळ्यासाठी पान ठेवून झालं. मग वामनरावांची बायको पार्बताबाई ताट घेऊन आली आणि तिनं ते जानरावापुढच्या स्टुलावर ठेवलं.

"हलक्या हातानं वाढा, पार्बताबाई," जानराव म्हणाला. "डॉक्टरनं बंद केलं मले."

"तुमाले बंद केलं असन. आमच्या सासऱ्याले तं नाई केलं न?"

सगळे हसले. जानरावही हसला. घरून निघताना त्यानं ठरवलं होतं की दोन वडे, एक पुरी, भोपळ्याची भाजी आणि खीर नाही. दोन वडे झाले. पुरी झाली. त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"बस."

"बस काय गा?" वामनराव समोर उकिडवे बसले होते. त्यांनी हात जोडले होते, पण आवाजात थट्टा होती. "आमचा बाप दोन वड्यात उठत होता काय?"

"डॉक्टरनं सांगतलं..."

"डॉक्टरनं आमाले बी सांगतलं होतं." वामनरावांची थट्टा एकदम गेली. "नाकात नळी होती त्याच्या. हातानं खूण करे, वडा दे म्हणे. उडदाचा वडा. डॉक्टर म्हणे, देऊ नका, ठसका लागन. आमी नाई देल्ला. दुसऱ्या दिवशी गेला बुढा."

पार्बताबाई झारा हातात धरून दारात उभी होती.

जानरावानं ताटावरचा हात काढला.

तिसरा वडा त्यानं वामनरावांच्या बापासाठी खाल्ला. चौथाही. त्यानंतर मोजायचं सोडलं. खीर आली तेव्हा त्यानं नको म्हटलं नाही. वाटी तोंडाला लावली. पार्बताबाई म्हणाली, मामाजी अशीच पेत, आणि पदर डोळ्याला लावला.

निरोप घेताना चप्पल घालायला वाकणं झालं नाही, तेव्हा वामनरावांनीच ती पायानं सरकवून दिली. ते पुन्हा वामनराव झाले होते.

"जड झालं काय बे?"

"एवढं जाते कुठं, वामनराव?"

"ज्याचं त्याले पोचते. तू नुसता पोस्टमन."

घरी जाताना जानराव ते वाक्य मनाशी घोळवत होता. त्याची आजीसुद्धा असंच म्हणायची. मेलेल्याच्या नावाचं अन्न जित्याच्या अंगी लागत नाही. ते खरं असलं पाहिजे असं त्याला फार वाटलं. घरी काही खायचं नाही, फक्त पित्तर म्हणून जेवायचं, म्हणजे खाल्लंही आणि अंगीही लागलं नाही. त्यानं त्या रात्री स्वयंपाक केला नाही. उपास घडला याचं त्याला समाधान वाटलं.

*

जानरावाची एकच मुलगी होती. शालू. अकोल्याला दिली होती. नवरा किशोर शाळेची व्हॅन चालवायचा. लग्नाला सात वर्षं झाली, मूल राहिलं आणि सहाव्या महिन्यात गेलं, आणि त्याच वेळी डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की तिच्या दोन्ही किडन्या जात आल्या आहेत. आता ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होती. पाणी मोजून प्यायची. केळं, नारळपाणी, वरण, जे जे आजारी माणसाला देतात ते सगळं तिला बंद होतं.

किशोरचा रक्तगट जुळला नाही. जानरावाचा जुळला. हे कळलं त्या दिवशी जानराव दवाखान्याच्या जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत उतरला होता. मग श्रावणात मोठ्या डॉक्टरांनी त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं. एकशे आठ.

"नव्वदच्या खाली या," डॉक्टर म्हणाले. "निदान पंच्याण्णव. साखर काठावर आहे, तीही उतरेल. एवढ्या वजनावर तुमची किडनी काढायला नागपूरचे सर्जन तयार होणार नाहीत. टेबलावरच तुमचं काही झालं तर? दसऱ्यानंतर या."

"येतो साहेब. कमी करूनच येतो."

किशोरनं त्याच्या पायाला हात लावला होता. शालू खिडकीबाहेर बघत होती.

वजन असं आधी नव्हतं. जेवणारा तो पहिल्यापासून होता, पण फुलाच्या शेतात दिवसभर वाकून सगळं जिरून जायचं. आणि बायको, जयवंता, होती. पितृपक्षात दोघांना जोडीनं सांगत. तो कोणाचा बाप व्हायचा, ती कोणाची आई. जेवताना ती शेजारी बसे आणि त्याचा हात पुढच्या वड्याकडे गेला की कोपरानं त्याच्या गुडघ्याला हलकेच ढोसे. तेवढं पुरे असे.

दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन ठरलं. लहानसंच होतं. ती चालत आत गेली. भुलीतून उठली नाही. हृदयच थांबलं म्हणाले. कोणाची चूक नव्हती, सगळ्यांनी तसं समजावून सांगितलं आणि ते खरंही होतं.

नंतरचे काही दिवस चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारपाजारचे डबे घेऊन येत. डबा आणणारा समोर बसून राही. जेवा, दोन घास जेवा. तो जेवायचा. समोर कोणीतरी बसलेलं आहे तोवर जेवत राहायचं, ही सवय त्याला त्या दिवसांत लागली. मग डबे बंद झाले. समोर कोणी बसेना. जेवण मात्र थांबलं नाही. संध्याकाळी वाडीतून आला की तो फळीपुढे उभा राही आणि डब्यातून हाताला येईल ते काढी. चिवडा, गूळ, सकाळची पोळी तेल-तिखट लावून. दिवा न लावता खायचा. चव कळत नसे. डब्याच्या तळाला बोटं लागली की तो थांबे.

डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यानं चिवडा करणं सोडलं. फळीवरचे डबे रिकामे करून वामनरावांच्या घरी दिले. सकाळी नाल्यापर्यंत चालत जाऊ लागला. दुधीचा रस प्यायला. एकदा त्याचं वजन दोन किलो उतरलंही. मग पोळा आला आणि पोळ्यामागून पितृपक्ष.

*

पितृपक्षात फुलाला उठाव नसतो. लग्न नाही, सण नाही. तरी झेंडूचे पहिले तोडे आले होते, म्हणून जानराव दोन पोती घेऊन अमरावतीच्या फूलबाजारात गेला. चंदनच्या अडतीवर पोती उतरली. चंदनचा बाप होता तेव्हापासून जानराव तिथंच माल देत असे.

पोती मोजून झाली. काटा रिकामा होता. जानराव चपला काढून त्यावर चढला.

"ओ जानरावकाका!" चंदन गल्ल्यावरून ओरडला. "झेंडू किती अन काका किती, येगयेगळं सांगजा. नाईतं हिशेबाच्या पट्टीत चढून जासान."

बाजूचे हमाल हसले. जानरावाचं लक्ष लाल आकड्यांकडे होतं. ते थरथरले आणि थांबले. एकशे अकरा.

तो उतरला. खिशातला मोबाईल, किल्ल्या, तंबाखूची डबी काढून पोत्यावर ठेवली. पुन्हा चढला. एकशे अकराच.

"चंदन, काटा खोटा तं नाई न बापा?"

"काटा खोटा असता तं मी आतालोक दोन मजले नसते बांधले?"

जानराव बराच वेळ पोत्याला टेकून उभा राहिला. वामनरावांचा बाप, गावातल्या डोमाजीचा बाप, शिंगाड्यांचा आजोबा. पाच घरं झाली होती. घरी तो रोज उपाशी राहिला होता. म्हणजे कोणाला काही पोचलं नव्हतं. सगळं त्याच्याकडेच राहिलं होतं.

हे इतकं उघड होतं की कोणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नाही. बडनेऱ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघताना गिला वड्याच्या गाडीपुढून तो दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला. दही जास्त घाल म्हणाला.

*

नवमी जयवंताची होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथ. त्या दिवशी पित्तर म्हणून सवाष्ण सांगतात. जानरावानं पार्बताबाईला सांगितलं होतं. स्वयंपाकाला शालू अकोल्याहून आली. आदल्या दिवशीच तिचं डायलिसिस झालं होतं. चेहरा उतरलेला, डाव्या हातावर कोपराच्या आत पट्टी. जानराव म्हणाला, मी डोमाजीच्या सुनेला बोलावतो, तू बस. तिनं ऐकलं नाही. उडदाची डाळ तिनं स्वतः वाटली.

पार्बताबाई जेवली. जयवंताच्या नावाचं जेवतेय म्हणून सावकाश जेवली. शालूनं तिची ओटी भरली, हिरव्या बांगड्या दिल्या, पाया पडली आणि शेजारच्या घरी ताट द्यायला गेली. पार्बताबाई सुपारी कातरत भिंतीला टेकून बसली.

"पोरगी लय जीव लावते तुमाले, जानरावभाऊ."

"हो."

"नाई, खरंच. माह्या पोरीले आठवणच येत नाई मायबापाची. हिनं पाहा. पित्तराच्या पयलेच फोन केला होता मले. म्हणे, काकू, बाबा घरी उपाशी राह्यतात, भाकर टाकत नाई. तुमी पित्तर म्हणून सांगजा अन पोटभर वाढजा. नाई म्हणतीन तं तुमच्या सासऱ्याच्या वड्याची गोष्ट काढजा, मंग नाई म्हणत नाई ते. डोमाजीच्या घरी बी तिनंच फोन केला. शिंगाड्याच्या बी." तिनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "अशी माया पाह्याले नाई भेटत आता."

जानराव दाराकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला. "जीव लावते."

पार्बताबाई गेली. शालू परत आली, हात धुतले आणि त्याचं ताट वाढायला घेतलं. तो खाटेवर बसला होता. तिनं समोर स्टूल ओढलं, ताट ठेवलं. वड्यांची चळत होती. वाटीत ती खीर वाढू लागली.

"शालू, तू फोन केला होता काय पार्बताबाईले?"

तिचा हात थांबला नाही. वाटी काठोकाठ भरली तेव्हाच तिनं पळी काढली.

"केला होता."

"काहून माय?"

ती भिंतीला टेकून खाली बसली. तिच्याजवळ पाण्याची लहान बाटली होती. झाकणात थोडं ओतून तिनं ओठ ओले केले आणि झाकण पुन्हा लावलं.

"आईले आत नेलं तवा तुमी फोनवर काय म्हणले होते मले? लहानसं ऑपरेशन हाय, तू येऊ नको, परवा घरी जेवायले बसन."

"ते खड्याचं होतं. हे येगळं हाय."

"हो. हे मोठं हाय."

बाहेर कोणीतरी गाय हाकत गेलं. तिची घंटा लांब जाईपर्यंत ऐकू येत होती.

"अन तुहं काय?"

"माहं चालू हाय न. लोकं काढतात बाबा, यानंच वर्ष वर्ष काढतात. नागपूरच्या यादीत नाव हाय." ती बोलत होती तशी पट्टीची कड नखानं सारखी करत होती. "डॉक्टर काय म्हणले ऐकलं न तुमी? टेबलावरच झालं तं? एवढंच ऐकू आलं मले. त्याच्या पुढचं नाई आलं."

"किशोरले ठाऊक हाय?"

"नाई. त्यायले नका सांगू. ते रोज देवाले नारळ बोलतात."

"मी कमी करतो," जानराव म्हणाला. "आजपासून करतो. तू पाह्य. मले काई होत नाई."

शालूनं त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. विश्वासही नव्हता. लहान मूल मोठं झाल्यावर घर बांधून देईन म्हणतं तेव्हा मोठी माणसं बघतात, तशी ती बघत होती.

"वडे थंडे होऊन राह्यले, बाबा."

त्यानं ताटाकडे पाहिलं. रागवावं असं त्याला वाटलं, रडावं असंही वाटलं. पण या दोन्हींच्या खालून काहीतरी निराळंच वर येत होतं आणि ते ओळखून तो दचकला. त्याला हलकं वाटत होतं. श्रावणापासून छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला केला होता. आता वजन कमी झालं नाही तरी तो दोष त्याच्या एकट्याचा नव्हता.

तो तसाच बसून राहिला. तिनं फोन केले नसते तर? तर डोमाजीनं सांगितलं नसतं का? दरवर्षी सांगतोच. आणि गिला वड्याची गाडी? त्या गाडीवाल्याला शालूनं फोन केला नव्हता. तिनं नुसतं दार उघडून धरलं होतं. आत तो आपल्या पायानं गेला होता.

"आईच्या नावाचं हाय," शालू म्हणाली.

पहिला वडा त्यानं त्यासाठी खाल्ला. दुसऱ्यापासून कारण लागलं नाही. शालू समोर बसून बघत होती आणि समोर कोणी बसलं होतं तोवर तो खात राहिला.

*

त्यानंतर त्यानं खरंच प्रयत्न केला. सर्वपित्री अमावास्येला डोमाजी बोलवायला आला, तर ताप आहे म्हणून आत पडून राहिला. नवरात्रात एकवेळ जेवला. नाल्याच्याही पुढे, पार रेल्वेच्या रुळापर्यंत चालत जाऊ लागला. परत येताना मांड्या घासून सोलल्या जात, त्यावर खोबरेल लावी. दिवसा तो डॉक्टरांना दिलेल्या शब्दाचा माणूस असे.

संध्याकाळ झाली की फळीपुढे उभा असे. डबे आता नव्हते, म्हणून दुकानातून पुड्या येत. कधी कच्चे शेंगदाणे. कधी नुसता साखरेचा फक्का. एकदा गव्हाच्या पिठात गूळ कालवून, न भाजता. घास गिळताना तो शालूचं नाव घेऊन पाही. तिचा चेहरा समोर आणी. हाताला त्याचं काही घेणं नव्हतं.

कधी कधी वाटे की तिलाही हेच हवं आहे. मग आणखी एक मूठ. आणि तोंड चालू असतानाच त्याला कळे की हा विचार आपण कशासाठी केला.

दसऱ्याला झेंडू चांगला निघाला. रात्रंदिवस तोडा चालला. त्या तीन दिवसांत जेवायला वेळ मिळाला नाही तेवढंच. मग तो अकोल्याला गेला.

*

तपासणीच्या खोलीत दीक्षा नावाची मुलगी होती. आहाराचं तीच सांगायची. वयानं लहान, पण बोलणं मायेचं. श्रावणात तिनंच त्याला समजावून सांगितलं होतं की उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं खायचं. तिनं काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि आकडा मोठ्यानं न वाचता लिहिला. आकडा एकशे दहा होता, आणि तिनं तो मोठ्यानं वाचला असता तरी चाललं असतं. बाहेर किशोर दाराच्या फटीतून बघतच होता.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले नाहीत. साखरही वाढली आहे म्हणाले. आता वजन उतरलं तरी साखरेचा प्रश्न राहील.

"तुमच्याकडून नाही होणार हे," ते म्हणाले. "मन लहान करू नका. यादीत नाव आहे, आपण वाट बघू. दुसरं कोणी नात्यातलं तयार झालं तर सांगा."

नात्यातलं कोणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर किशोर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो कधी वर मान करून न बोलणारा जावई. सासऱ्यासमोर तंबाखूसुद्धा खात नसे.

"मामाजी," तो म्हणाला, भिंतीकडेच बघत. "एक तोंड बंद ठेवायचं होतं तुमाले. एक. बाकी काईच नोतं मागतलं कोणी."

"राहू द्या न," शालू म्हणाली.

"काहून राहू देऊ? हे मरून राह्यली रोज थोडी थोडी. माहं जुळलं असतं तं मी दोन्ही काढून देल्ल्या असत्या. अन हे मानूस..." त्याचा आवाज फाटला. जाणारी एक नर्स थबकून पुढे गेली. "आपल्या पोरीसाठी मानूस जेवण सोडत नाई?"

शालूची मान खाली गेली होती. तिची बोटं पर्सची चेन उघडत होती, लावत होती. जानरावाला दिसलं की ती आता बोलेल. तिनं ओठ उघडलेही.

"चुकलं माहं," जानराव म्हणाला. "नाई जमलं, जावईबापू. तोंडाले आवर नाई राह्यला."

किशोरनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो गाडी घेऊन येतो म्हणाला आणि जिन्याकडे गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दोघं बाकावर बसली. बाकाचा बराचसा भाग जानरावानंच व्यापला. शालू उरलेल्या कडेला टेकली, मग हळूच सरकली आणि तिनं डोकं त्याच्या दंडावर ठेवलं.

"सांगायचं होतं न मले," ती म्हणाली. "तुमी काहून आपल्यावर घेतलं?"

"माहंच होतं."

थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. डायलिसिसच्या आदल्या दिवशी तिला असंच होई, अंगात पाणी साचलेलं, बसल्या जागी डोळा लागे. तिचा डावा हात घसरून त्याच्या पोटावर आला. सुया टोचायला सोपं जावं म्हणून तिथली शीर डॉक्टरांनी जोडून मोठी केलेली होती. त्या फुगलेल्या शिरेतून रक्त सतत वाहत असतं आणि हात लावला तर आत काहीतरी गुरगुरतं. जानरावाला ते सदऱ्यातून जाणवलं. बारीक, न थांबणारं. मांजर पोटावर झोपावं तसं.

तो हलला नाही. दंड भरून आला, मग बधिर झाला. किशोरला यायला वेळ लागत होता, बाहेर गाड्यांची गर्दी असेल. खिडकीतून ऊन बाकाच्या पायापर्यंत आलं.

खालच्या कँटीनमध्ये कोणीतरी तेलात आलुबोंडे सोडले होते. वास जिना चढून वर आला. जानरावानं डोळे मिटले. आता तरी नको, तो मनात म्हणाला. या घटकेला तरी नको. त्यानं लेकीच्या केसांकडे लक्ष दिलं, मधल्या भांगात पांढरे दिसायला लागलेल्या केसांकडे, तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे.

वास येतच राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.